खड्ड्याचं उद्घाटन

माझ्या खड्ड्यात कोणीतरी झेंडू लावून ठेवला होता.

नुसता झेंडूच नाही. मधोमध मोगऱ्याची रोपं, कडेनं ऑफिस टाइमची फुलं आणि एका कोपऱ्यात गेरूनं रंगवलेली तुळशीची कुंडी. आदल्या दिवशी मी साइटवरून निघाले तेव्हा तिथे गुडघाभर खोल खड्डा होता. आता तिथे रस्त्यापेक्षा वीतभर उंच, काळ्याभोर मातीचा वाफा होता. वरून पाणी शिंपडलेलं, भोवती रांगोळी. मी स्कूटी स्टँडवर लावायचंही विसरले. हँडल धरून तशीच उभी राहिले.

"कसं वाटून राह्यलं, मॅडम?" इंगोले गुरुजींनी विचारलं. गुरुजी म्हणजे रिटायर्ड शिक्षक आणि त्या कॉलनीतला सगळ्यांत उत्साही माणूस. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नखांत काळी माती. "काल संध्याकायी ट्रॉली आनली. आमच्या आसेगावच्या वावरातली माती हाये. कपाशीची पऱ्हाटी अशी येते तिच्यात, का पाहातच राहावं मानसानं. म्हनलं, मॅडमनं एवढी मेहनत केली, अन् उद्घाटनाच्या दिवशी पाहुन्याले काय खड्डा दाखवाचा?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. त्यांच्याही हाताला माती लागलेली होती. सगळी गल्ली खपली होती. पाहुणे तासाभरात पोचणार होते, मांडववाला खुर्च्या पुसत होता, माइकवर "हॅलो, चेक, चेक" चाललं होतं.

मी म्हणाले, "छान झालंय, गुरुजी."

आता जरा मागे जाते, नाहीतर यात बिघडलं काय ते कळायचं नाही.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत इंजिनिअर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. माझ्याकडे नाल्या, गटारं आणि पावसाचं पाणी. घरी कोणी विचारलं की सासूबाई सांगतात, "ती पाण्याचं पाहते." लोकांना वाटतं नळाचं. नळाचं असतं तर जरा मान तरी मिळाला असता!

या कॉलनीची तक्रार जुनी होती. मोठा पाऊस झाला की गल्लीत पाणी तुंबायचं. कारण साधं आहे. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता नव्यानं करतात तेव्हा जुना उखडत नाहीत, जुन्यावरच नवीन थर देतात. रस्ता वर चढत जातो, घरं आहेत तिथेच राहतात. त्या गल्लीत काही घरांत आता पायरी उतरून जावं लागतं. त्यात सगळ्यांनी अंगणात फरशी घातली, रिकाम्या प्लॉटवर घरं झाली. पूर्वी जे पाणी जमिनीत मुरायचं ते आता नुसतं पळतं, आणि गल्लीच्या सखल टोकाला जाऊन थांबतं.

त्या सखल टोकाला सुमनबाईंची पिठाची गिरणी. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या खोलीत संसार. नवरा पुण्याकडे बांधकामावर जातो, दिवाळीला येतो. गिरणी बाई एकट्या चालवतात. दारापासून भिंतीपर्यंत लोकांच्या दळणाच्या डब्यांची रांग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. गिरणीची मोटर जमिनीलगत. पाणी आत आलं की मोटर जाते, ती निदान दुरुस्त तरी होते. पण लोकांचं दळण भिजलं की माणसं एकदा ऐकून घेतात, दुसऱ्यांदा बस स्टँडजवळच्या गिरणीत जातात. सुमनबाईंनी त्यावर आपला उपाय केला होता. दारासमोर गुडघ्याएवढा विटांचा बांध घातला होता. पाणी पूर्ण अडायचं नाही, पण आत यायचं ते पाऊलभरच. डबे पाटावर ठेवले की निभायचं.

त्यांचं घर आणि रस्ता यांच्या मध्ये नगरपालिकेच्या जागेची एक लांबट पट्टी होती. तिथे मी ‘रेन गार्डन’ करायचं ठरवलं. मोठ्या शहरांत आता हे करतात. नाली वाढवत बसण्यापेक्षा पाण्याला वाटेतच मुरवायचं. करायचं काय, तर एक खोलगट वाफा खोदायचा. रस्त्याच्या कडेचा दगड एका ठिकाणी कापून तोंड ठेवायचं, त्यातून रस्त्यावरचं पाणी वाफ्यात उतरतं. तळाला गिट्टी, वर वाळू आणि वाळा, कर्दळ, अळू अशी झाडं. म्हणजे पाय पाण्यात ठेवून जगणारी. पाणी तिथे थांबतं, हळूहळू मुरतं, जास्त झालं तर पाइपातून नालीत जातं. यात अक्कल एवढीच की वाफा रस्त्यापेक्षा खाली पाहिजे आणि तोंड उघडं पाहिजे.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण एकदा भिजली की ती फुगते आणि तोंड मिटून घेते. मग पाणी वर बसून राहतं. शेतासाठी सोनं, पण पाणी मुरवायला काडीचा उपयोग नाही. म्हणून मी मजुरांच्या डोक्यावर उभी राहून ती सगळी काढून घेतली होती, मुरूम लागेपर्यंत. काम सुंदर झालं होतं. हे मी आज सांगते आहे म्हणून नाही, खरंच सुंदर झालं होतं.

चूक कामात नव्हती. ती मी नावात केली.

कॉलनीच्या मीटिंगसाठी मी ‘रेन गार्डन’ला मराठी शब्द केला, ‘पाऊसबाग’. मला तो इतका आवडला की विचारू नका. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये म्हटला तर सगळे वळून बघायला लागले. कॉलनीत कोणी "मॅडम, खड्डा कुठवर आला?" असं विचारलं की मी लगेच टोकायची. "खड्डा नाही, गुरुजी. पाऊसबाग." गुरुजी मान डोलवायचे, "हाव, हाव, बाग." पुढे सगळी गल्लीच बाग म्हणायला लागली. मला वाटलं, लोकांना कळलं. लोकांना बरोबर तेच कळलं जे मी म्हणत होते. बाग म्हटल्यावर माणूस काय करणार? चांगली माती टाकणार, फुलं लावणार, आणि पाणी साचू देणार नाही.

बांध काढायच्या वेळी मात्र सुमनबाई अडल्या होत्या.

"हा बांध काढाच लागते का, मॅडम?"

"याच जागेत तर पाऊसबाग येणार, सुमनबाई. बांध ठेवला तर खोदायचं कुठे?"

"अन् पानी आत आलं तं?"

"आता कशाला येईल? दारापर्यंत पोचायच्या आधीच सगळं खाली उतरेल."

"पक्कं ना?"

"पक्कं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आत जाऊन सब्बल म्हणजे पहार आणली आणि स्वतःच बांधाची पहिली वीट काढली. "तुमी शिकल्यासवरल्या हाये, तुमाले कयते," म्हणाल्या. तो बांध त्यांनी माझ्या शब्दावर तोडला. मी त्यांना कोणता कागद दाखवला नव्हता, आणि त्यांनी मागितलाही नव्हता.

आता उद्घाटनाच्या आदल्या दिवसाकडे येते. आमचे मुख्याधिकारी, ज्यांना आम्ही सीओ साहेब म्हणतो, साइटवर आले. ते साताऱ्याकडचे. माणूस वाईट नाही, पण त्यांचं सगळं लक्ष कार्यक्रमाकडे. खड्ड्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, हे असंच राहणार?"

"सर, असंच असतं. पाऊस आला की भरेल."

"अहो, पण खड्ड्याचं उद्घाटन करायला कोणी येत नसतं. जिल्ह्यावरून पाहुणे येणारेत. जरा फुलंबिलं लावा की. गुरुजी, तुम्ही बघा बरं काहीतरी."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं कडेनं चार कुंड्या ठेवतील.

मग कोनशिलेचा विषय निघाला. काळ्या ग्रॅनाइटवर पाहुण्यांची नावं, खाली विटांचा चौथरा. मिस्त्रीनं चौथरा नेमका दगड कापला होता त्या तोंडावर आखला, कारण फोटोत रस्ता मागे यावा असं साहेबांना हवं होतं.

"सर, पाणी आत जायची जागा तीच आहे."

"आज पाऊस आहे का?"

"नाही."

"मग? कार्यक्रम होऊ द्या. नंतर हलवू."

मी "बरं" म्हणाले. वाद घालायचा कंटाळा आला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी राहिली होती. इंजिनिअरला भाषण करायला मिळतं कुठे!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी धरून मी जे पाहत होते ते हे होतं. तोंड चौथऱ्यानं बंद. वाळा आणि कर्दळ काळ्या मातीखाली पुरलेली. वाफा रस्त्याच्या वर. आणि गल्लीतली यच्चयावत माणसं माझ्या तोंडाकडे बघत, मी काय म्हणते म्हणून.

मला एका नजरेत सगळं कळलं होतं, हे स्पष्ट लिहिते. नंतर कळलं असं नाही. त्या क्षणी म्हणायला हवं होतं की गुरुजी, ही माती काढावी लागेल. पण त्यांनी आपल्या वावरातली सगळ्यांत चांगली माती आणली होती. कोणाच्या घरचं ताट समोर आल्यावर नको म्हणावं तसं वाटलं मला. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. पाहुणे येणार होते, शाल मिळणार होती, पेपरात फोटो येणार होता. मी मनात म्हटलं, कार्यक्रम आटपला की दोन दिवसांत मजूर लावून काढून टाकू.

कार्यक्रम झाला. नारळ फुटला. मी माइकपुढे उभी राहून म्हणाले, "रस्त्यावरचं पाणी आता या पाऊसबागेत उतरेल." बाग माझ्या शेजारी, माझ्या घोट्याच्या वर. कोणी हसलं नाही. पाहुणे "वा, वा" म्हणाले. एवढ्या माणसांत एकानं तरी हसायला हवं होतं, म्हणजे मी तिथेच जमिनीत गेले असते आणि पुढचं टळलं असतं.

सुमनबाई पहिल्या रांगेत होत्या, लग्नकार्याची साडी नेसून. टाळ्या त्यांच्याच जास्त. कार्यक्रम संपल्यावर मला हाताला धरून गिरणीत घेऊन गेल्या. पेढा दिला. मग रांगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पाहा, डबे पाटावरून खाली घेतले. एक एक उचलू उचलू कंबर गेलती माही. आता कायले पाट लागते?"

पेढा माझ्या तोंडात होता. मी मान हलवली.

पाऊस दोन दिवस थांबला नाही. म्हणजे मी ठरवलेले दोन दिवस त्यानं दिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मी ऑफिसात बिलाच्या फायली बघत होते. खिडकीवर थेंब वाजायला लागले. बाकीचे म्हणत होते, "बरं झालं बाप्पा, पेरणी साधली." मी छत्री न घेता निघाले. पोचेपर्यंत गुरुजींचे तीन फोन येऊन गेले होते.

गल्लीत घोटाभर पाणी. ते रस्त्यावरून उतारानं येत होतं, चौथऱ्याला थडकत होतं, वळत होतं आणि सरळ सुमनबाईंच्या दारात शिरत होतं. मध्ये अडवायला काही नव्हतं. आणि बाग? बाग बेटासारखी पाण्याच्या वर होती. झेंडू टवटवीत. रस्त्यावरच्या पाण्यानं तिला शिवलंसुद्धा नव्हतं.

आत सहा-सात बायका डबे उचलत होत्या. पण खालचे बुडाले होते. झाकणं तरंगत होती, चिठ्ठ्या वाहून कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. कोणाचं पीठ कोणाच्या गव्हात मिसळलेलं, पाण्याची खळ झालेली. सुमनबाई वाकून मोटरचा पट्टा काढत होत्या. मी आत गेले आणि एक डबा उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत पट्ट्याला लागल्या. 

गुरुजी दारात उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून.

"मॅडम, तुमच्या बागेत पानी काहून नाही चाललं?"

"गुरुजी, ती रस्त्यापेक्षा उंच झाली. पाणी वर कसं चढेल?"

"मंग उंच नव्हती का कराची?"

"नाही. ती खोलच पाहिजे होती. आणि काळी माती नको होती. तिच्यात पाणी मुरत नाही."

त्यांनी बागेकडे पाहिलं. मग हळूहळू माझ्याकडे. शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसल्यावर मास्तर बघतात तसं.

"म्हंजे आमी बुजवलं."

मी हातातला डबा एका बाईकडे दिला.

"पन मॅडम, तुमी तं काल म्हनल्या, छान झालं. तवाच काहून नाही बोलल्या?"

सगळ्या बायका थांबल्या होत्या. हातात डबे तसेच. पाऊस पत्र्यावर वाजत होता, तरी मला वाटलं की माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल.

"कार्यक्रम होता," मी म्हणाले.

दुसरं काही सुचलं नाही, कारण दुसरं काही नव्हतंच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नापास झाले असते तर बरं झालं असतं असं वाटलं, निदान ते एकटीचं असतं.  गुरुजींनी खाली वाकून पाण्यातला एक डबा उचलला. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती, पण तो त्यांच्याच घरचा होता. झाकणावर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. सुमनबाई घरी नव्हत्या. शेजारच्या बाईनं सांगितलं, "गहू वाटाले गेल्या." मला कळेना. मग दिसल्या, डोक्यावर पाटी घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी जाताना. स्वतःच्या घरचा वर्षाचा गहू त्या ज्यांचं दळण भिजलं त्यांना मापून देत होत्या. लोक नको म्हणत होते. "असू द्या हो सुमनबाई, तुमी का मुद्दाम केलं?" त्या ऐकत नव्हत्या. "दयन माह्या घरी भिजलं. मीच देनार," एवढंच. गुरुजींच्या बायकोनं दार लावून घेतलं, तर त्यांनी ओट्यावर गहू ठेवला आणि निघून आल्या.

मी वाटेत उभी राहिले. "सुमनबाई, चूक माझी आहे. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही."

"हाव," त्या म्हणाल्या.

मला काय वाटलं होतं कोण जाणे. "असू द्या मॅडम" म्हणतील, किंवा चांगल्या शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांची ऋणी राहिले असते. त्या फक्त "हाव" म्हणाल्या आणि पाटी सावरत पुढच्या घरी गेल्या.

ऑफिसात सीओ साहेब वाट बघत होते.

"डिझाइन फेल गेलं म्हणायचं का, मॅडम?"

"डिझाइनवर पाणी पडलंच नाही सर. ते मातीखाली होतं."

"हां, म्हणजे नागरिकांनी परस्पर भराव टाकला. तसं लिहा. नागरिकांनी विभागाला न विचारता."

"मी पाहिलं होतं, सर. कार्यक्रमाच्या आधी. आणि छान झालं म्हणाले होते."

साहेबांनी चष्मा काढला. "ते तुम्ही पाहिलं असं कुठं लिहू नका."

"लिहिलंय सर. तुमच्या टेबलावर आहे."

 मी शूरपणा केला असं कोणी समजू नये. सगळ्या गल्लीनं भर पावसात ऐकलेली गोष्ट मी कागदावर लिहिली, त्यात काय शूरपणा? नोंद झाली, मेमो मिळाला, त्याचं मला काही नाही. साहेबांनी शेवटी एकच अट घातली. "बाकी काय ते करा. पण कोनशिला हलवायची नाही. पाहुण्यांना काय सांगू?"

"मग तिच्या खालून भोक पाडते."

"पाडा."

आता पाहुण्यांच्या नावाखालून पाणी जातं. चौथऱ्याला मध्ये चांगली रुंद मोरी ठेवली आहे. गावातली टवाळ पोरं तिला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरी अडचण बागेची होती. मी मजूर घेऊन गेले तर बायका आडव्या आल्या. "मॅडम, आता महालक्ष्म्या येतीन. झेंडू तवापर्यंत राहू द्या. देवीले बाहेरून फुलं कायले आनाची?" त्यांचंही खरं होतं, त्यांनी ती रोपं हातानं लावली होती. पण महालक्ष्म्या भाद्रपदात. तोपर्यंत किती पाऊस यायचा! मी समजावत होते, त्या ऐकत होत्या आणि कोणी हलत नव्हतं. माझ्या समजावण्याला आता काय किंमत होती?

मग गुरुजी आले, घरून टोपली आणि विळा घेऊन. खाली बसले आणि झेंडूचं पहिलं रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढलं. एका बाईच्या हातात दिलं. "कुंडीत लाव." दुसरं दुसरीच्या हातात. मोगरा, तुळस, सगळं असंच घरोघरी गेलं. दुपारपर्यंत वाफा मोकळा झाला.

माती उपसताना मी त्यांना विचारलं, "गुरुजी, ही कुठे टाकू? नगरपालिकेच्या बगीच्यात वापरू का?"

"नाही. ट्रॉली बोलावली हाये," ते म्हणाले. "वावरातली माती वावरात जाईन."

ट्रॉली भरून आसेगावकडे गेली. गुरुजी ड्रायव्हरच्या बाजूला बसले. अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, अख्ख्या कॉलनीसमोर स्वतः आणलेली भेट परत घेऊन चालला होता. ते माझ्यामुळे होतं. तेव्हापासून भेटले की नमस्कार करतात, पण "मॅडम, कसं वाटून राह्यलं?" असं परत कधी विचारलं नाही.

आम्ही परत मुरुमापर्यंत उकरलं. गिट्टी धुऊन घातली, वाळू घातली, नवीन वाळा आणि कर्दळ लावली. वाफा पहिल्यापेक्षाही थोडा खोल ठेवला. या वेळी पाटी मी स्वतः लिहिली, लाल ऑइलपेंटनं. ‘पावसाच्या पाण्याचा खड्डा. भरू नये.’  ड्रॉइंगवरसुद्धा आता मी पाऊसबाग लिहीत नाही.

नंतर बारीकसारीक पाऊस येऊन गेले, त्यात खड्डा चांगला चालला. पण खरी परीक्षा मोठ्या पावसाची. ती श्रावणात आली. दुपारी आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजूनं आभाळ काळं झालं तशी मी स्कूटी काढली. अशा वेळी साइटवर उभं राहून बघायचं असतं, पाणी कुठून येतं, कुठे अडतं, किती वेळात उतरतं. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि धो-धो पाऊस सुरू झाला.

रस्त्यावरून लोंढा आला. चौथऱ्याच्या मोरीत शिरला. खड्ड्यात खाली कोसळला. कर्दळीची पानं हलली, पाणी चढत गेलं, काठाच्या वीतभर खाली पोचलं आणि तिथेच थांबलं. पाइपातून जादाचं नालीत जायला लागलं. सुमनबाईंच्या उंबऱ्यापुढची जमीन ओली होती, फक्त पावसानं. मी छत्रीखाली उभी राहून ते पाहत होते आणि माझे डोळे भरून आले. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मी गिरणीत गेले.

आत मोटर बंद होती. सुमनबाई आणि शेजारची बाई घाईघाईनं डबे उचलून मागच्या खोलीतल्या माच्यावर रचत होत्या. निम्मे झाले होते. सुमनबाईंच्या कपाळावर घाम होता.

"सुमनबाई, अहो पाहा तरी बाहेर! पाणी आत येत नाहीये. खड्डा घेतोय सगळं."

"पाह्यलं मी," त्या म्हणाल्या आणि पुढचा डबा उचलला.

"मग डबे काहून उचलून राह्यल्या?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघाली.

त्या थांबल्या. डबा कमरेवर टेकवून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. एखाद्याला घरचा रस्ता सांगावा इतक्या साधेपणानं त्या बोलल्या.

"आभायाले नाही भेली मी, मॅडम. मागचे दोन पाऊस डबे खालीच होते. आज तुमची गाडी येतानी दिसली, म्हनून उचलले."

शेजारची बाई खाली बघायला लागली. मी डबा घ्यायला हात पुढे केला. सुमनबाईंनी तो दुसऱ्या बाजूला वळवला.

"राहू द्या. तुमी गेल्या का ठेवीन खाली."

मी बाहेर आले. खड्डा काठापर्यंत न चढता शांतपणे पाणी पीत होता. मला अजून अर्धा तास तरी थांबून ते किती वेळात उतरतं ते बघायचं होतं. मी स्कूटी ढकलत गल्लीच्या वळणाच्या पलीकडे नेली आणि एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. थोड्या वेळानं गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.

पाऊस पडत असताना साइटवर जावं, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात. कुठे उभं राहिलं म्हणजे आपण दिसणार नाही, ते मात्र ज्याचं त्यानं शोधायचं असतं.